फोटो मुख्य भिंतीवर: छायाचित्र विभागाच्या नोंदी, नागपूर

९ फेब्रुवारी

आपल्या कला मंडळाच्या कार्यकारिणीने आज एकदाचं हो म्हटलं. यंदाच्या वार्षिक प्रदर्शनात फोटो पॅसेजमध्ये लागणार नाहीत, मुख्य हॉलमध्ये लागतील, तैलरंग-जलरंगाच्या शेजारी, त्याच उंचीवर, त्याच लाईटखाली. आतापर्यंत आपल्या मंडळात फोटो "सभासदांचे छंद" या बोर्डावर पिना टोचून लागायचे. अट एकच घातली की काम क्रिएटिव्ह पाहिजे, आणि क्रिएटिव्ह कशाला म्हणायचं ते विभागाने ठरवायचं. विभाग म्हणजे सध्या मी आणि हात वर करणारे चारपाच जण. म्हणून या नोंदी लिहून ठेवतो, जो उशिरा जॉईन होईल त्याला पण कळलं पाहिजे गोष्ट कुठून कुठे आली ते.

मीटिंग संपल्यावर आमचे जलरंगवाले काका जिन्यात थांबले. म्हणाले, "बाबू, राग नको मानू, पण फोटो तर मशीन काढते ना? आम्हाले एक वॉश (पातळ रंगाचा सपाट थर) नीट द्यायला शिकता शिकता वर्षं गेली." काका मनापासून बोलले, टोमणा नव्हता. पण हा वाद नागपुरात रेल्वे यायच्या आधीचा आहे. गाडी इथे आली १८६७ मध्ये, आणि तिकडे पॅरिसला कवी बोदलेअरने १८५९ मध्येच लिहून टाकलं होतं की फोटोग्राफीने कलेची आणि विज्ञानाची दासी म्हणून राहावं, कलावंत व्हायला जाऊ नये. त्याच्या दोनच वर्षं आधी इंग्लंडमध्ये रेलँडर या फोटोग्राफरने तीसच्या वर निगेटिव्ह जोडून एक भलं मोठं चित्र तयार केलं, मँचेस्टरच्या प्रदर्शनात लावलं आणि राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली. फोटोशॉप यायच्या सव्वाशे वर्षांहून जास्त आधी! आणि आपण पण काही मागे नव्हतो. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळात मुंबईत कॅमेरा घेऊन काम करत होते. हे सगळं मी काकांना जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं. ते म्हणाले, "बरं, दाखव मग करून."

२३ फेब्रुवारी

विभागाची पहिली बैठक, धरमपेठेत एकाच्या घरी. सगळे पेन ड्राइव्ह घेऊन आले आणि टीव्हीवर एकामागून एक वाघ. नागपूर म्हणजे ताडोबा-पेंचच्या दारातलं शहर, त्यामुळे इथे ज्याच्याकडे मोठी लेन्स त्याच्याकडे वाघ असतोच, पाण्यातला, जांभई देणारा, बछड्यांसोबतचा. वाघ झाले की फुटाळा तलावावरचा सूर्यास्त.

यात क्रिएटिव्ह काय, कॅमेरा हलवून वगैरे बघू का, असं मी म्हटलं तर वाइल्डलाइफवाले दादा थोडे तापले. "मी पहाटे साडेचारला गेटवर उभा राहतो, फ्रेममधली एक काडी पण हलवत नाही, आणि तुम्ही म्हणून राहिले का कॅमेरा हलवून धूसर केला की ती कला?" त्यांचं एक म्हणणं मला पटतं आणि ते इथे लिहून ठेवतो. नेचर फोटोग्राफीच्या स्पर्धांमध्ये जगभर नियम आहे की चित्रात काही घालायचं नाही, काही काढायचं नाही, आणि तो नियम बरोबरच आहे, कारण तिथे बघणारा जंगलावर विश्वास ठेवून बघत असतो. आपल्या विभागात प्रश्न दुसरा आहे. समोर जे होतं ते तर दिसलं, पण तुम्ही काय ठरवलं? कुठे उभे राहिले, काय सोडलं, किती वेळ प्रकाश आत येऊ दिला, कोणत्या कागदावर उतरवलं, आणि का. वाघाला बंदी नाहीये, फक्त वाघ दिसला एवढ्यावर काम भागणार नाही.

मग मी त्यांना म्हटलं, दादा, जे फोटो तुम्ही डिलीट करता ते दाखवा. बराच वेळ नाही नाही म्हणाले, आणि मग एक उघडला. वाघ निघून गेल्यावरचा. रस्त्यावर धूळ उभी, त्यात तिरपं ऊन, आणि सफारीच्या पाच-सहा जिप्सी गाड्यांतली सगळी माणसं एकाच बाजूला माना ताणून बघतायत, एक लहान पोरगी सोडून. ती सरळ कॅमेऱ्यात बघतेय. खोलीत सगळे गप्प झाले. दादांनी तो वाघ नाही म्हणून बाजूला टाकला होता.

१६ मार्च

गेले काही रविवार सकाळी तलावावर जातोय, शुक्रवारी तलाव नावाच्या. सगळ्यांना काम एकच, एकाच ठिकाणी उभं राहायचं आणि जागा बदलायची नाही, काय करायचं ते शटरने (प्रकाश किती वेळ आत येतो ते ठरवणाऱ्या पडद्याने) करा. शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवायचा आणि दाबतानाच कॅमेरा वर किंवा आडवा न्यायचा. पाण्यावरचे दिवे आणि पलीकडच्या इमारती असल्या रेषा होऊन उतरतात की जलरंगवाल्यांना ओला वॉश आठवेल. पण खरं सांगायचं तर त्यातले बहुतेक फोटो नुसते छान दिसतात आणि पाच मिनिटांत विसरले जातात. हलवणं सोपं आहे, कशासाठी हलवलं ते अवघड. आमच्यातल्या एका कॉलेजच्या पोराने मात्र घाटावर कपडे धुणाऱ्या बाईचा हात जसा वर-खाली जात होता तसाच, त्याच लयीत कॅमेरा नेला. बाई ओळखू येत नाही, पण धोपटणं दिसतं. आम्ही ते एकच ठेवलं.

येताना सगळे तर्री पोहे खायला. तिथे ठरलं की उन्हाळ्यात बाहेर फिरण्यापेक्षा उन्हालाच कामाला लावू. सायनोटाइप करायचा, म्हणजे उन्हात छापलेला निळा फोटो.

२० एप्रिल

गच्चीवर सायनोटाइपची कार्यशाळा. आजची नोंद लांब होणार, कारण दिवसच तसा होता.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी, ही पद्धत जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये शोधली, आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रशेवाळं थेट कागदावर ठेवून त्यांची पुस्तिका काढायला सुरुवात केली, कॅमेरा न वापरता. दोन रसायनं लागतात, फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड. आम्ही पहिलं १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम आणि दुसरं १०० मिलीत १० ग्रॅम असं वेगवेगळ्या बाटल्यांत करून ठेवलं, आणि लावायच्या वेळी दोन्ही सारखं घेऊन मिसळलं. हे मिश्रण मुख्यतः अतिनील किरणांना भाव देतं, त्यामुळे डार्करूम लागत नाही, जिन्याखालची खोली आणि पिवळा झिरोचा बल्ब पुरतो. हातमोजे घालायचे, स्वयंपाकाची भांडी घ्यायची नाहीत.

आणि इथे काका आले कामाला. आम्ही सगळे ब्रश मारत होतो तर कागदावर पट्टे, थेंब, कडेला डबकी. काकांनी दोन मिनिटं बघितलं, "सरका बे" म्हणाले, पसरट ब्रश घेतला, अर्धवट पिळला, आणि कागद जरासा तिरपा धरून आडवा एक हात, उभा एक हात. पिवळसर हिरवट थर असा बसला की कुठे रेघ म्हणून नाही. कागद पण त्यांनीच निवडला. काही जलरंगाच्या कागदात टिकाऊपणासाठी कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं आणि त्याने निळा रंग फिका पडतो, त्यांना कोणत्या कागदात काय असतं ते तोंडपाठ. म्हणजे मशीन काढते म्हणणाऱ्या माणसाच्या हातावरच आमचं सगळं अवलंबून होतं, आणि त्यांना ते दिसलं पण.

निगेटिव्ह आम्ही ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकवर) प्रिंट करून आणले होते. कागद, त्यावर निगेटिव्ह, त्यावर काच, चारी बाजूंनी क्लिपा, आणि बाराच्या उन्हात. नागपूरचं एप्रिलचं ऊन! पुस्तकात वीस मिनिटं लिहिलंय तिथे आठ-दहा मिनिटांत काम होतं. थर आधी हिरवा, मग निळसर, मग राखाडी पडायला लागतो, गडद भागात तर तांब्यासारखी झाक येते, तेव्हा काढायचा. मग टबात. पाण्यात घातला की पिवळं सुटायला लागतं, ट्रे थोडा थोडा हलवत राहायचं, आणि राखाडी कागदाच्या आतून निळा वर येतो, आधी कडांना आणि मग चेहऱ्याच्या सावलीत. निवृत्त बँकवाल्या ताईंनी त्यांच्या आईचा जुना फोटो आणला होता, त्यावर त्यांनी होळीच्या वेळी वेचून वहीत दाबून ठेवलेल्या पळसाच्या पाकळ्या ठेवल्या होत्या. पाकळ्यांच्या जागी पांढरं राहिलं, आणि त्या पांढऱ्यातून आईचा अर्धा डोळा. ताई बोलल्या नाहीत काही, नुसत्या ट्रे हलवत राहिल्या.

एक तांत्रिक गोष्ट. बोअरच्या पाण्यात धुतलेले प्रिंट फिके पडले, नळाच्या पाण्यातले नाही. जड, अल्कधर्मी पाणी या निळ्याचं वैरी आहे. पहिल्या धुण्यात चिमूटभर लिंबूसत्व टाकलं की फरक पडतो. निळा पूर्ण गडद व्हायला एक दिवस लागतो, घाई असेल तर शेवटच्या पाण्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड.

१८ मे

ऊन असं की दुपारी गच्चीवर काच पण हातात धरवत नाही. कार्यशाळा बंद, घरी बसून फोटो बघणं चालू. ताईंचा फोन आला होता, "मी साठीच्या पुढे, आता काय शिकणार रे, तुम्ही पोरं करा." त्यांना इंग्लंडच्या फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनचं सांगितलं. १८६३ च्या शेवटी, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलीने कॅमेरा भेट दिला. कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. फोकस नीट नाही म्हणून तज्ज्ञांनी नावं ठेवली, पण त्यांनी मऊ फोकस सोडला नाही, आणि लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन म्युझियमने त्यांचे फोटो तेव्हाच घेतले. ताई म्हणाल्या, "खुराडं नाही आपल्याकडे, पण मागची न्हाणी आहे."

आणि ज्या चित्रकार सभासदांना वाटतं की कॅमेरा उचलला म्हणजे ब्रशशी बेइमानी, त्यांनी ज्योती भट्ट बघावेत. बडोद्याचे चित्रकार आणि मुद्राचित्रकार, साठच्या दशकापासून गावोगावी जाऊन भिंतींवरची, अंगणातली लोककला कॅमेऱ्यात आणली, आणि त्यांचे फोटो नोंद म्हणून पण उभे राहतात आणि चित्र म्हणून पण.

२९ जून

पाऊस लागला. हवेतल्या ओलीने सायनोटाइपचा कागद सुकत नाही, डाग पडतात, त्यामुळे ते काम हिवाळ्यापर्यंत बाजूला. प्रिंटिंगच्या चाचण्या सुरू.

इथे माझं मत स्पष्ट आहे आणि मी ते सगळ्यांना सांगून राहिलोय: जोपर्यंत प्रिंट नाही तोपर्यंत काम पूर्ण नाही. मोबाईलवर सगळेच फोटो चमकतात कारण मागून उजेड आहे. कागदाला स्वतःचा उजेड नाही, तो समोरच्या दिव्यावर जगतो, म्हणून सावलीत किती काळं ठेवायचं हा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो. दादांच्या धुळीच्या फोटोचे तीन कागदांवर तुकडे काढले. ग्लॉसीवर ती धूळ प्लास्टिकसारखी दिसली. कॉटनच्या जाड मॅट कागदावर काळा थोडा बसका आला, पण धूळ धूळ वाटली, बोट फिरवलं तर लागेल अशी. दादा स्वतःच म्हणाले, हाच. त्यांनी याआधी आयुष्यात फोटो प्रिंट केले ते सगळे लॅबला "चमकदार द्या" सांगून.

२४ ऑगस्ट

काल मारबत. बाहेरच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इथे काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या मारबती, म्हणजे पुतळे, निघतात, सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे, आणि इडा-पिडा, रोगराई, महागाई सगळं घेऊन जा गे मारबत असा गजर करत शहराबाहेर नेऊन जाळतात. काळी मारबत १८८१ पासूनची सांगतात. दरवर्षी शेकडो कॅमेरे असतात आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे सारखाच फोटो.

आम्ही ठरवून गेलो होतो की मारबतीचा फोटो काढायचा नाही, गजराचा काढायचा. कसा, ते ज्याचं त्याने बघायचं. ताईंनी कॅमेऱ्यातच डबल एक्स्पोजर लावलं, म्हणजे एकाच फ्रेमवर दोन फोटो. पहिलं महालमध्ये, काळ्या मारबतीचा चेहरा, अगदी खालून. मग तीच फ्रेम धरून इतवारीपर्यंत चालत आल्या, गर्दीत धक्के खात, आणि दुसरं एक्स्पोजर वर उठलेल्या हातांचं, एक स्टॉप कमी (निम्मा प्रकाश) ठेवून म्हणजे पहिलं बुडणार नाही. संध्याकाळी चहाला सगळ्यांनी बघितलं. काळ्या गालावर हातच हात, काही बोटं डोळ्याच्या पांढऱ्यात, एका हातात मोबाईल, आणि जिथे तोंड आहे तिथे कुणाच्या तरी मनगटातला लाल दोरा. कॉम्प्युटरवर दोन फोटो जोडून हे झालं असतं का? झालं असतं. पण तिथे दहा पर्याय असतात, इथे पहिला चेहरा डोक्यात धरून तासभर चालावं लागलं आणि हात कुठे पडतील त्याचा अंदाज करावा लागला. मला ते धरून ठेवणं त्या चित्रात दिसतं.

कॉलेजच्या पोराला काही मिळालं नाही, गर्दीत लेन्सचं झाकण पण हरवलं. पण तो म्हणाला पुढच्या वर्षी फक्त आवाज रेकॉर्ड करून त्याच्यावर चित्र बनवणार. करू दे.

१४ सप्टेंबर

नियमावलीची मीटिंग, चार तास. सगळ्यात जास्त भांडण एआयवर. एका सभासदाने सुंदर चित्र आणलं, पावसातला सीताबर्डीचा रस्ता, आणि मग सांगितलं की हे वाक्य टाइप करून बनवलंय. चित्र वाईट नव्हतं. पण शेवटी असं लिहिलं: प्रकाश प्रत्यक्ष पडलेला पाहिजे, तुमच्या कॅमेऱ्यात, कागदावर किंवा स्कॅनरच्या काचेवर, आणि तो तुम्ही पाडलेला पाहिजे. त्यानंतर जोडा, कापा, रंगवा, शिवा, सगळं चालेल, फक्त तंत्र लेबलवर लिहायचं. नुसत्या वाक्यातून आलेलं चित्र दुसऱ्या विभागात न्या, तिथे त्याचं स्वागत आहे.

काकांचा कॉम्प्युटरवरच्या कोलाजला विरोध कायम आहे. त्यांनी तसं मिनिट्समध्ये लिहायला लावलं. मी लिहिलं.

बाकी पटकन: जास्तीत जास्त तीन कामं, प्रिंट स्वतः बघून मंजूर केलेला, लेबलवर शीर्षक, तंत्र, कागद, वर्ष आणि आवृत्ती, म्हणजे दहापैकी तिसरा तर ३/१०. वॉटरमार्क नाही, सही पेन्सिलने खाली.

१२ ऑक्टोबर

निवड झाली. परीक्षक दोन, एक चित्रकार आणि एक फोटोग्राफर, दोघं बाहेरचे. नावं झाकून प्रिंट टेबलावर मांडले. दादांच्या धुळीवर दोघांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. धोपटण्याच्या फोटोवर मात्र चित्रकार बाई म्हणाल्या की हा अपघात आहे, आणि फोटोग्राफर म्हणाले की अपघात असता तर रेष हाताच्या दिशेने गेली नसती. मग त्या पोराच्या बाकीच्या फ्रेम मागवल्या, कॉन्टॅक्ट शीटसारख्या एकाखाली एक लावल्या. सगळ्यांत तीच दिशा, तोच वेग, हळूहळू जवळ येत गेलेला. बाईंनी चष्मा काढून पुन्हा बघितलं आणि घेतला. ही पद्धत पुढे पण ठेवायची, शंका असेल तर आजूबाजूच्या फ्रेम मागायच्या.

८ नोव्हेंबर

काल रात्री उशिरापर्यंत भिंत लावली, आज उद्घाटन. फोटोंचा मध्य जमिनीपासून ५८ इंचावर, चित्रांचा पण तोच. चित्रकार सभासदांपैकी दोघांना शेवटपर्यंत वाटत होतं की फोटो एका बाजूला, चित्रं एका बाजूला लावावी, नाहीतर लोक गोंधळतील. मी म्हटलं स्टिग्लिट्झ या फोटोग्राफरने न्यूयॉर्कला २९१ नंबरची छोटी गॅलरी १९०५ मध्ये फोटोंसाठी उघडली, आणि १९०८ मध्ये त्याच खोल्यांत रोदँची रेखाटनं आणि मातिसची चित्रं लावली. लोक भांडले, पण बघायला आले. मग मिसळूनच लावलं. काकांच्या पावसाळी अंबाझरीच्या जलरंगाशेजारी ताईंच्या आईचा निळा प्रिंट आहे, आणि ती जागा काकांनीच मागितली.

काच लावलेल्या फ्रेमांवर ट्यूबलाईटचं प्रतिबिंब येतंय, विशेषतः मारबतीच्या काळ्यावर. पुढच्या वेळी नॉन-रिफ्लेक्टिव्ह काच किंवा काचच नाही. फ्रेमवाल्याशी बोललोय.

संध्याकाळी एक काकू दादांच्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या होत्या. नंतर विचारलं, "वाघ कुठे आहे यात?" दादा म्हणाले, "गेला." त्या परत वळल्या आणि त्या पोरीकडे बघत राहिल्या. दादांनी मला बाजूला घेऊन विचारलं की पुढच्या सफारीला छोटी लेन्स नेऊ का.

१६ नोव्हेंबर

प्रदर्शन आवरलं. प्रिंट ज्याचे त्याला परत, मधे बटर पेपर घालून, फोटोंना तोंडातोंड ठेवू नये. सायनोटाइप वर्षभर उन्हात टांगू नका, फिका पडला तर काही दिवस अंधारात ठेवला की बराचसा परत येतो.

मंडळाच्या घटनेत "चित्र, शिल्प व उपयोजित कला" असं आहे, त्यात छायाचित्रकला टाकायचा ठराव आमसभेत मांडतोय. सूचक मी, अनुमोदन काका देणार आहेत, कोलाजबद्दलची हरकत तशीच ठेवून. आमसभा जानेवारीत. त्याच महिन्यात सायनोटाइपची दुसरी कार्यशाळा, हवा कोरडी असताना. रसायनं मी आणतो, कागद काका, ओएचपी शीट आपापल्या, आणि नळाचं पाणी भरून ठेवायचं कुणीतरी आदल्या दिवशी नक्की करा.